गावानं सांभाळलेलं स्टेशन

जपानमधल्या मात्सुयामा शहराहून नैऋत्येला जाणारा योसान रेल्वेमार्ग मुकाइबारा नावाच्या छोट्या स्टेशनापुढे दुभंगतो. डावीकडचा फाटा डोंगरात शिरतो, सहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून पार होतो आणि उचिकोमार्गे ओझु गाठतो. उजवीकडचा जुना मार्ग समुद्राकडे वळतो आणि किनाऱ्याचं प्रत्येक वळण धरत, वळसे घेत, शेवटी त्याच ओझुला पोचतो. डोंगरातला फाटा ३ मार्च १९८६ रोजी सुरू झाला आणि सगळ्या जलद गाड्या त्याच दिवसापासून तिकडून धावू लागल्या. त्यामागे कारणही होतं. किनाऱ्याचा मार्ग वळणांचा, संथ, पावसाळ्यात दरडींची धास्ती असलेला. पण त्यामुळे समुद्राकाठच्या गावांच्या वाट्याला एक-दोन डब्यांच्या, दर स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या तेवढ्या उरल्या. शिमोनादा हे त्यांपैकीच एका गावाचं स्टेशन. तिथे ना स्टेशनमास्तर, ना तिकीटखिडकी. मला जपानमध्ये सगळ्यात जास्त पाहायचं होतं ते हेच.

शिमोनादा जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान अशा शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात आहे. रूळ इथवर आले ते ९ जून १९३५ रोजी, आणि काही महिने हेच शेवटचं स्टेशन होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्ग पुढे नागाहामाला जाऊन भिडला. नागाहामापासून ओझुपर्यंत अरुंद रुळांची एक खाजगी रेल्वे आधीपासून होती. सरकारनं ती विकत घेतली आणि तिचे रूळ रुंद करून या मार्गाला जोडले. किनाऱ्यालगतचा हा सारा खटाटोप त्या जोडणीसाठीच झाला होता. पन्नास वर्षांनी डोंगर फोडणं जमलं आणि किनारा आडमार्ग ठरला.

मात्सुयामाचं स्टेशन २०२४ साली जमिनीवरून उचलून खांबांवर नेलं. तिथे सगळं नवं, चकचकीत, सरकत्या जिन्यांचं. त्याच फलाटांवरून सुटणारी किनाऱ्याची गाडी मात्र एका डब्याची आणि डिझेलवर चालणारी. विजेच्या तारा इयोशी स्टेशनापर्यंतच आहेत, त्यापुढे डिझेलला पर्याय नाही. मी बसलो तो डबा ‘किहा ३२’ जातीचा होता. १ एप्रिल १९८७ रोजी जपानच्या राष्ट्रीय रेल्वेची सहा प्रवासी कंपन्यांमध्ये आणि एका मालवाहतूक कंपनीमध्ये वाटणी झाली. त्यात शिकोकूच्या वाट्याला आलेली कंपनी सहाही प्रवासी कंपन्यांत लहान. या बेटावर बुलेट ट्रेन आजही नाही. नवी कंपनी स्वतःच्या बळावर नवे डबे घेऊ शकणार नाही हे जाणून राष्ट्रीय रेल्वेनं वाटणीच्या जरा आधी असे काटकसरीचे डबे बांधून दिले. लोकलसारख्या समोरासमोर लांब बैठका, संडास नाही, सजावट नाही. तेच डबे आजही ओझं वाहताहेत. निघण्यापूर्वी स्टेशनावरच मोकळं होऊन घ्यावं, हे ज्येष्ठ प्रवाशांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

गाडीत गार्ड नाही, तिकीट तपासनीस नाही. सगळा कारभार एकट्या चालकाच्या हाती. मागच्या दारानं चढायचं. दाराशी एक छोटं यंत्र असतं, त्यातून बोटाएवढा कागद ओढून घ्यायचा. त्यावर एक आकडा छापलेला असतो, तो तुम्ही कुठल्या स्टेशनावर चढलात त्याची खूण. चालकाच्या डोक्यावर एक फलक आहे. त्यावर प्रत्येक आकड्याखाली त्या क्षणी किती भाडं झालं ते दिसतं आणि स्टेशन मागे पडलं की रक्कम वाढते. उतरताना पुढच्या दाराशी यायचं, कागद आणि बरोबर तेवढी नाणी काचेच्या पेटीत टाकायची. नाणी नसतील तर त्याच पेटीला नोट सुटी करून देणारी फट आहे, पण आधीच्या एखाद्या स्टेशनावर गाडी थांबलेली असतानाच हे काम उरकून घ्यावं. उतरायच्या घाईत लोकांना खोळंबवून ठेवणं इथे कुणी करत नाही. म्हणजे स्टेशनावरची तिकीटखिडकी बंद करून रेल्वेनं ती गाडीत आणून ठेवली आहे.

मी चालकाच्या मागे उभा राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला तिशीतला माणूस. सिग्नल दिसला की त्याकडे हात सरळ ताणून बोट दाखवायचा आणि मोठ्यानं काहीतरी उच्चारायचा. घड्याळावर बोट, मग वेगाच्या काट्यावर, मग समोरच्या आरशात पाहून दाराच्या दिव्यावर. डब्यात आम्ही मोजकी माणसं, त्याच्याकडे पाहणारं कुणी नाही, तरी एकही खूण सुटली नाही. ही जपानी रेल्वेची शंभरेक वर्षांची शिस्त आहे. डोळा, हात आणि आवाज एकत्र वापरले की चुका कितीतरी घटतात, हे तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली प्रयोग करून दाखवलं होतं. एकट्या माणसाच्या भरवशावर गाडी आणि सगळी ओसाड स्टेशनं चालतात ती या सवयीमुळे.

मुकाइबारा सोडल्यावर गाडी थोडी चढते, बोगदे लागतात आणि मग अचानक उजव्या खिडक्यांमध्ये समुद्र भरून येतो. हा सेतो अंतर्गत समुद्राचा इयो-नादा नावाचा भाग. आपल्या कोकणच्या समुद्रासारखा गर्जणारा नाही. पलीकडे होन्शू आणि क्यूशू असल्यानं लाटा बेताच्याच, पाणी निळसर करडं, मध्येच एखादं बेट. डाव्या हाताला डोंगर इतके जवळ की हात बाहेर काढला तर झाडाला लागेल. त्या उतारांवर दगडी बांध घालून संत्र्यांच्या बागा केल्या आहेत. सप्टेंबर संपत आला होता, फळं अजून हिरवी होती आणि बांधांच्या कडेनं लाल लिलीचे तुरे उभे होते.

शिमोनादाला दार उघडलं आणि उतरल्या उतरल्या पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे समोर काही नसणं. फलाट एक, रूळ एक. पूर्वी इथे दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत, ती सोय काढून टाकली आहे. फलाटावर खांबांवर तोललेलं एक साधं छप्पर, त्याखाली बाक. बाकाच्या पुढे फलाटाची कडा आणि कडेपलीकडे थेट पाणी आणि आकाश. खांब, छप्पर आणि बाक यांची मिळून एक चौकट होते. तिच्यात तुम्ही नुसते बसलात तरी चित्र तयार होतं. स्टेशनची इमारत लाकडी, बैठी, कौलारू. आत भिंतीलगत बाक, वेळापत्रक, भाड्याचा तक्ता. तिकीटखिडकीची जागा ओळखू येते, पण ती बंद आहे. दोन गाड्यांमध्ये दोन-दोन, कधी त्याहून जास्त तासांचं अंतर.

या चित्राची कीर्ती झाली ती एका तिकिटामुळे. १९८२ पासून जपानी रेल्वे सुट्ट्यांच्या हंगामात एक स्वस्त तिकीट विकते. नाव तरुणांचं, पण वयाची अट नाही. ते घेऊन साध्या गाड्यांनी देशभर मनसोक्त हिंडता येतं. त्याची पोस्टरं जपानभर स्टेशनांवर लागतात आणि एकेका पोस्टरमध्ये एकेक आडगावचं स्टेशन असतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला शिमोनादाचा फलाट अशा पोस्टरवर तीनदा झळकला. त्याच्याही आधी, १९७७ साली, योजी यामादा यांच्या ‘तोरा-सान’ चित्रपटमालिकेतल्या एकोणिसाव्या चित्रपटात हे स्टेशन दिसलं होतं. सुटकेस घेऊन गावोगाव भटकणारा हा फेरीवाला नायक जपानी घराघरांत ठाऊक आहे, आणि स्टेशनावर त्याची झोप मोडते त्या दृश्यासाठी याहून योग्य जागा दिग्दर्शकाला मिळाली नसती.

पोस्टरांच्या काळात शिमोनादाला जपानमधलं समुद्राच्या सर्वांत जवळचं स्टेशन म्हणायचे. कधीकाळी ते जवळजवळ खरंच होतं. फलाटाच्या खालीच लाटा यायच्या. मग किनाऱ्याला भराव घालून ३७८ क्रमांकाचा राष्ट्रीय रस्ता बांधला गेला. आता फलाट आणि पाणी यांच्यामध्ये तो रस्ता आहे. मात्र तो इतका खाली आहे की बाकावर बसल्यावर दिसत नाही, मोटारींचा आवाज तेवढा येतो. मला हे समजल्यावर थोडं वाईट वाटलं, पण गावाला तो रस्ता हवाच होता. दवाखाना, बाजार, शाळा यांच्यासाठी दोन-दोन तास गाडीची वाट पाहणाऱ्यांनी प्रवाशांच्या डोळ्यांसाठी रस्ता नाकारावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

माझ्या दृष्टीनं शिमोनादाची खरी गोष्ट पोस्टरात नाही, ती १९८६ मध्ये आहे. ज्या वर्षी जलद गाड्या डोंगराकडे गेल्या, त्याच वर्षी इथल्या लोकांनी रिकाम्या होत चाललेल्या फलाटावर सूर्यास्ताच्या वेळी गाण्यांची मैफल भरवली. तेव्हा हे फुतामी नावाचं स्वतंत्र गाव होतं, २००५ साली ते इयो शहरात विलीन झालं. मासेमारी, संत्री आणि उतरती लोकसंख्या असं हे गाव. दाखवण्यासारखं देऊळ नाही, किल्ला नाही, गरम पाण्याचे झरे नाहीत. आपल्याकडे आहे तो मावळता सूर्य, असं ठरवून त्यांनी त्यालाच गावाची ओळख केलं. मावळता सूर्य जिथे थबकतो ते गाव, असं ब्रीद घेतलं. किनाऱ्यावर त्याच आधारानं बाग उभी केली, रस्त्यालाही सांजवेळेचं नाव दिलं. सूर्य तर सगळीकडेच मावळतो, त्यात विशेष काय, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण मैफल सुरू राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी फलाट हेच व्यासपीठ होतं, श्रोते आवारात बसतात आणि मधूनच नेहमीची गाडी येऊन थांबते. स्टेशन हातचं जाऊ द्यायचं नाही असं एखाद्या गावानं ठरवलं की काय होऊ शकतं, ते इथे दिसतं.

दुपारी मी पोचलो तेव्हा फलाटाच्या टोकाशी फुलांच्या वाफ्यात एक आजी उकिडव्या बसून गवत उपटत होत्या. डोक्याला मानेपर्यंत येणारी सुती टोपी, हातात आखूड विळा, बाजूला पत्र्याची बादली. मुळासकट निघालं नाही तर बोटानं माती उकरून मूळ शोधत होत्या. माझं जपानी तोडकंमोडकं, तरी एवढं कळलं की रेल्वे त्यांना पैसे देत नाही. शेजारपाजारची मंडळी वाटून घेऊन झाडतात, फुलं लावतात. तुम्ही कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. भारतातून म्हटल्यावर बादली बाजूला सारून त्या उठल्या आणि मला इमारतीत नेऊन एक वही दाखवली. अशा निर्मनुष्य स्टेशनांवर बऱ्याच ठिकाणी प्रवाशांसाठी वही ठेवलेली असते. पानापानांवर पेन्सिलीनं काढलेली गाडी, ओसाकाहून आलेल्या जोडप्याच्या चार ओळी, कोरियन, चिनी, एका लहान मुलाचा केशरी सूर्य. मी मराठीत लिहिलं. आजींनी वही तिरकी धरून अक्षरं न्याहाळली, वरच्या शिरोरेषेवरून बोट फिरवलं आणि वही पुन्हा जागच्या जागी ठेवली.

जपानमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास रेल्वे स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांवर कुणी कर्मचारी नसतो. टोकियोत फलाटावर माणसांना आत ढकलणारे कर्मचारी पाहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही. तरुण शहरांकडे गेले, मुलं कमी झाली, घरोघरी मोटारी आल्या, त्यामुळे खेड्यांतली स्टेशनं एकामागून एक रिकामी झाली. काहींची कथा फार वेगळी आहे. गुन्मा प्रांतात दोआई नावाच्या स्टेशनावर एका दिशेचा फलाट डोंगराच्या पोटात आहे आणि तिथून वर यायला सलग ४६२ पायऱ्यांचा जिना चढावा लागतो. होक्काइदोतलं कोबोरो हे दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत, समुद्र आणि कड्यांच्या कात्रीत आहे, तिथे रस्ताच जात नाही. रेल्वेला ते बंद करायचं होतं. तोयोउरा या गावच्या पालिकेनं देखभालीचा खर्च उचलायची तयारी दाखवली म्हणून ते टिकलं. तिथे राहणारं कुणीही नाही, तरी गावाला ते आपलं वाटतं.

एका शाळकरी मुलीसाठी जपाननं अख्खं स्टेशन चालू ठेवलं, असा संदेश आपल्याकडे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. ते स्टेशन होक्काइदोतलं क्यू-शिराताकी. ते मार्च २०१६ मध्ये बंद झालं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि रेल्वेचं वेळापत्रकही मार्चमध्येच बदलतं. तिथून शाळेला जाणारी मुलगी उत्तीर्ण झाली आणि त्याच महिन्यात शेजारच्या आणखी दोन स्टेशनांसह हेही संपलं. संदेशातली गोष्ट ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक बदलण्याआधी त्या वर्षीची शाळा पुरी झाली, एवढंच. मला तेवढंही पुरेसं वाटतं.

कर्मचारी गेल्याची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला फलाट आणि डबा यांमधला उतार लावून द्यायला कुणीतरी लागतं. अंधाला गाडी कुठे थांबली ते सांगायला कुणीतरी लागतं. अशा स्टेशनांवर आधी फोन करून माणूस मागवावा लागतो. म्हणजे बाकीच्यांसारखं मनात आलं तेव्हा निघणं संपलं. क्यूशूमधल्या ओइता इथे चाकाच्या खुर्चीवरचे प्रवासी २०२० साली याच कारणासाठी रेल्वे कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. निर्मनुष्य स्टेशनांच्या शांततेवर आपण भाळतो तेव्हा ही बाजू डोळ्यांआड होऊ देऊ नये. शिमोनादाच्या फलाटावर त्या दिवशी मला चाकाची खुर्ची दिसली नाही, आणि ती का दिसली नाही हे उघड आहे.

चारनंतर मोटारी येऊ लागल्या. स्टेशनसमोरच्या अरुंद रस्त्यावर आधी दोन, मग आठ, मग रांगच. समाजमाध्यमांवर या बाकाची छायाचित्रं इतकी फिरली आहेत की तरुण मंडळी दूरदूरून गाडी हाकत येतात, बाकावर पाठमोरं बसून फोटो काढून घेतात, शेजारच्या छोट्या दुकानात कॉफी पितात आणि परत जातात. गर्दी शिस्तीची होती, लोक बाकासाठी रांग लावून उभे होते. पण काही जण रुळांवर उतरतात, कुणी लोकांच्या दारापुढे गाडी लावतं, म्हणून निरनिराळ्या भाषांत सूचना लावाव्या लागल्या आहेत. मला याहून जास्त सलली ती दुसरी गोष्ट. त्या गर्दीतल्या फारच थोड्या लोकांनी रेल्वेचं तिकीट काढलं होतं. स्टेशन देशभर प्रसिद्ध आणि त्याच्यापर्यंत येणारी गाडी रिकामी! शिकोकूच्या कंपनीनं ज्या तोट्यातल्या मार्गांच्या भवितव्याविषयी बोलणी करायची गरज सांगितली आहे, त्यांत हा किनाऱ्याचा मार्गही आहे. मार्ग गेला तर फलाट, छप्पर आणि बाक उरतीलही. पण जिथे गाडीच येत नाही ते स्टेशन कसलं? म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे यायचं तर गाडीनंच यावं. भाड्याची मोटार मात्सुयामात ठेवावी, वेळापत्रक आधी पाहून घ्यावं आणि दोन-तीन तास तिथे काढायची तयारी ठेवावी.

२०१४ पासून या किनाऱ्यावर ‘इयोनादा मोनोगातारी’ नावाची एक पर्यटन गाडीही धावते. जेवणखाण देणारी, आरामशीर, तिकीट बरंच महाग. ती शिमोनादाला मुद्दाम थांबते, प्रवासी उतरून फलाटावर येतात. तिचं सगळ्यात देखणं वैभव बाहेर आहे. मार्गावरचे गावकरी अंगणातून, शेतातून, गच्चीवरून तिला हात करतात. ओझुच्या किल्ल्यावरून निशाणं हलवतात आणि गोरो नावाच्या स्टेशनावर मंडळी तानुकीचा, म्हणजे रॅकून कुत्र्याचा वेश करून उभी असतात. हे कुणाच्या सांगण्यावरून सुरू झालेलं नाही. लोकांना ती गाडी आपली वाटली.

सूर्य सहाच्या सुमारास पाण्यात गेला. फलाटावर दाटी होती, फोटोंचे खटके चालू होते. मी पुढची गाडी पकडून नागाहामाला गेलो. तिथे हिजी नदी समुद्राला मिळते. तिच्यावर १९३५ सालचा लाल रंगाचा पोलादी पूल आहे, त्याचा मधला भाग बोटींसाठी वर उचलता येतो. हिवाळ्याच्या सकाळी ओझुच्या खोऱ्यात साठलेलं गार धुकं नदीच्या पात्रातून घोंघावत समुद्रात शिरतं, ते बघायला लोक पहाटे टेकडीवर जमतात. याच गावात असं एक उच्च माध्यमिक विद्यालय आहे की जिथले विद्यार्थी स्वतः मत्स्यालय चालवतात. महिन्यातून एका शनिवारी ते सगळ्यांना खुलं असतं, माहिती सांगायला मुलंच उभी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी याच मार्गाच्या गाडीतून गणवेशातली मुलं उतरली. प्रत्येकानं चालकापुढे पास धरला, मान किंचित लववली आणि पुढच्या दारातून बाहेर पडला. त्यांच्या हातात कॅमेरे नव्हते, दप्तरं आणि छत्र्या होत्या. परतीला मी त्याच डब्यात चढलो, मागच्या दाराशी आकड्याचा कागद ओढला आणि डाव्या बाजूची, समुद्राकडची जागा धरली.